रिकामी घरं

बार म्हणायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच तालमीला सांगितलं.
वाशीत बार म्हटलं की लोक भलतंच समजतात.
घर म्हणा.
चार मात्रांचं एक घर, ओळीत सहा-सात घरं.
व्हायोलाला इथे चौसष्ट घरं रिकामी,
पासष्टाव्यात शिरायचं,
दार न वाजवता.

मी सानपाड्याच्या बँकेत कॅशला बसते.
दिवसभर नोटा मोजते, बुधवारी संध्याकाळी शांतता.
दोन्हीत चूक झाली की खिशातून भरायची.

विश्राम मढवी. नाव विश्राम,
आणि माणूस एक घर गप्प बसेल तर शपथ.
सोळाव्या वर्षी घणसोलीच्या हळदींत क्लॅरिनेट वाजवायचे,
टोपीला सोनेरी झालर, पायात रबरी चपला,
नवऱ्याचा मामा ओरडेल ती फर्माईश.
मग ठाण्यात, चरईत, ऑर्गन वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं
त्यांना पाच रेघा वाचायला शिकवल्या.
फी म्हणून दर रविवारी खाडीच्या निवट्या,
डब्यात उड्या मारणाऱ्या.

रबाळ्याच्या कारखान्यात तिसरी पाळी, तेवीस वर्षं.
बॉयलरच्या नोंदवहीत पुढून तापमान,
मागून तंतुवाद्यांसाठी रचना क्रमांक एक.
ती वाजवायला अकरा जण मिळाले:
एक दंतवैद्य, दोन सख्ख्या बहिणी,
नेरूळचा एक निवृत्त खलाशी, ज्याचा डबल बास
कुठल्याच लिफ्टमध्ये मावत नसे.
कोपरखैरण्याच्या शाळेचा हॉल, ऐकायला नऊ माणसं,
त्यातला एक कुलूप लावायला आलेला.
आई पहिल्या रांगेत. संपल्यावर म्हणाली,
"वाजवतान ती लोका. तू निसता हात हालवतस.
मंग टाल्या तुला कनाला?"
हे ते दर महिन्याला सांगतात.
आईला उत्तर काय दिलं, ते कधीच नाही.

एकदा मी विचारलं, चौसष्ट घरं जरा जास्त नाहीत का?
आम्ही एवढा वेळ करायचं काय?
ते पेन्सिलीला टोक काढत होते.
"आमची भातं होती तिथे सेक्टर आले.
आधी नुसते खांब, मग भिंती.
वर्षानुवर्षं घरं रिकामी.
पाळी संपवून सायकलवरून यायचो, मोजत.
एखाद्या खिडकीत दिवा लागतो का बघत."
मग म्हणाले, "चौसष्ट कमीच आहेत."

यंदा फिनलंडच्या एका वाद्यवृंदानं त्यांची रचना घेतली.
व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली
कार्यक्रमानंतरच्या गुरुवारची.
म्हणून ऐरोलीचं स्वयंपाकघर, रात्रीचे साडेदहा,
फोन गोडामसाल्याच्या बरणीला टेकवलेला.
सुगंधाताई उद्याचे वाल सोलत होत्या.
मी स्टुलावर. व्हायोला आणली नव्हती,
कशाला आणायची?

फोनमधला माणूस उंच, पांढऱ्या केसांचा, फार सावकाश.
"पिठलं ढवळतोय," विश्रामसर पुटपुटले,
आणि बसल्या जागी त्यांचे हात सुरू झाले,
फोनच्या पुढे, स्वतःच्या वेगानं.
मधे चित्र अडकलं, सगळ्यांचे गज हवेत.
हे थांबले नाहीत.
मी मांडीवर बोटं मोजत होते, सवयीनं,
त्यांच्या हाताकडे बघून, फोनकडे नाही.
एकसष्ट. बासष्ट.
चौसष्टाव्याच्या शेवटच्या मात्रेला
त्यांनी मान उजवीकडे वळवली,
जिथे बुधवारी माझी खुर्ची असते.
तिथे मिक्सर होता, आणि मिक्सरशेजारी मी.
भुवया वर, तळहात उघडा:
या.

मी शिरले.
गळ्यानं, कसाबसा, खालचा एक लांब स्वर.
सुगंधाताईंचा अंगठा वालावर थांबला.
आम्ही दोघं चार घरं पुढे गेलो तेव्हा
बरणीपाशी फिनलंड आलं.
"उशीर," ते म्हणाले,
आणि हात खाली घेतले नाहीत.
सुगंधाताईंनी पुढचा वाल उचलला.